डुकऱ्यांची पोर्किया

लेख सोमवारीच पुण्याला पोचायला हवा होता. बुधवार उजाडला तरी प्रतीक्षाचं गाडं पहिल्याच पानावर रुतून बसलेलं. विषय तिनं मागून घेतला नव्हता. मुलांच्या ज्ञानकोशाचं काम बघणारे शेखर सर दर महिन्याला पाच-सहा विषय पाठवायचे. कधी रेशीम, कधी ज्वालामुखी, कधी छपाई. प्राचीला बालवाडीत सोडून आलं की खामगावच्या त्या दोन खोल्यांत बसून ती लिहायची आणि पाठवून द्यायची. या खेपेला विषय आला होता, ‘रोमन कुळनामे : उगम आणि व्याकरण’. खाली एक ओळ, ‘नमुन्यादाखल एकच घराणे घ्या, पोर्किउस घेतले तर सोपे.’

पोर्कुस म्हणजे डुक्कर. त्याला ‘इउस’ लागलं की पोर्किउस, म्हणजे डुकराचा, डुकराशी नातं असलेला. घराण्यातल्या पुरुषाचं नाव पोर्किउस, बाईचं पोर्किया, सगळ्यांचं मिळून पोर्किई. एवढं लिहून झालं आणि प्रतीक्षानं वही मिटली. जगात हजार घराणी असताना सरांना हेच सुचावं.

कारण प्रतीक्षा लग्नानंतर डुकरे झाली होती.

आधीची ती वाघ. प्रतीक्षा वाघ, जळगाव जामोदची, इतिहासात एम.ए. लग्नाच्या मांडवात तिच्या मावसबहिणींनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “पाहा वो, वाघाच्या घरची पोरगी डुकराच्या घरी चालली.” मांडव हसला, नवरदेवही हसला. सागर स्वभावानंच तसा. कॉलेजात पोरं त्याला ‘डुक्या’ म्हणायची हे तो स्वतःच कौतुकानं सांगे. प्रतीक्षाही त्या दिवशी हसली होती. पण ते वाक्य चपलेत अडकलेल्या काट्यासारखं आठ वर्षं तिच्याबरोबर चालत होतं. शेखर सरांना तिनं माहेरचंच नाव दिलेलं. पुण्याहून फोन आला की “बोला वाघ मॅडम”, आणि हिचा आवाजही तेवढ्यापुरता पुण्याचा व्हायचा.

स्वतःचं काय, ते एक वेळ चाललं असतं. आता प्रश्न प्राचीचा होता. उद्या, गुरुवारी, तिचं पहिलीत नाव घालायचं होतं. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात पहिल्या दिवशी जे आडनाव चढतं तेच पुढं दहावीच्या सनदेवर, तेच नोकरीच्या अर्जावर. एकदा शाई वाळली की कोर्टकचेरी केल्याशिवाय हलत नाही. म्हणून प्रतीक्षानं महिनाभर सागरच्या मागं लागून कबूल करून घेतलं होतं : प्राची सागर पाटील लिहायचं. गावात सासऱ्यांना पाटीलच म्हणतात, मग खोटं काय त्यात?

“तुले झोप लागन तं लिव बाई पाटील,” सागर शेवटी म्हणाला होता. तेलाच्या गिरणीत तो सुपरवायझर होता आणि घरी आल्यावर त्याला वाद नको असत. “पन मंग उद्या मले म्हनू नको, काऊन लिहू देलं म्हून.”

तिनं हे सगळं उगाच नव्हतं मांडलं. गेल्या महिन्यात प्राचीचा दात दाखवायला नेलं होतं. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून सहज विचारलं, “नाव काय बेटा?”

“प्राची सागर.”

“आणि पुढं?”

पोरीनं दोन्ही ओठ आत ओढून घेतले. असे, की दात दाखवायला आलोय हेही ती विसरली. बालवाडीत कुणीतरी चिडवत असणार, प्रतीक्षानं तिथंच ताडलं. घरी आल्यावर मांडीवर घेऊन विचारलं, दामटून विचारलं, चॉकलेट देऊन विचारलं. प्राचीचं एकच उत्तर, “कोनीच नाही.” घाबरलेलं पोर दुसरं काय सांगणार?

मग चार दिवस ती बालवाडीच्या जाळीशी उभी राहून पाहत होती. सुटायच्या अर्धा तास आधी जायची आणि ओढणी डोक्यावर घेऊन एकेका पोराचं तोंड न्याहाळायची. गुंजन नावाची एक पोरगी प्राचीच्या अगदी शेजारी बसे आणि मधूनच नाकातून घुर्र घुर्र आवाज काढे. झालं. प्रतीक्षाला गुन्हेगार सापडला.

आज ती बोलायचंच ठरवून निघाली. बारा वाजताच्या उन्हाचा झोत, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. बालवाडी म्हणजे बेबीताईंच्या घराची पुढची पडवी. बेबीताई पन्नाशीच्या, आवाजानं अख्खी गल्ली हलवणाऱ्या. पोरं डबे आवरत होती. प्रतीक्षानं बेबीताईंना बाजूला घेतलं.

“ताई, प्राचीला आडनावावरून चिडवतात वर्गात. तुम्ही लक्ष द्यायला पाहिजे.”

“कोन चिडोते?”

“ती गुंजन. डुकरासारखा आवाज काढते. मी स्वतः ऐकलाय.”

बेबीताईंनी पडवीकडे तोंड करून हाक मारली, “गुंजे, इकडं ये बरं. नाक शिंकर.” गुंजन आली, बेबीताईंच्या हातातल्या फडक्यात मनसोक्त शिंकरली आणि पुन्हा घुर्र करत निघून गेली. “बारा महिने वाह्यते तिचं. नाकात मांस वाढलं म्हनते डॉक्टर. ते काय चिडोते बाप्पा कोनाले, तिले तं सासच घेता येत नाही.”

“मग दुसरं कुणीतरी असेल.”

“अवो, या वर्गात दोन गाढवे हायेत, एक कोल्हे हाय, एक उंदरे, एक ढोरे. अर्धं जंगल माह्या ओट्यावर भरते रोज. कोन कोनाले चिडोवन?” बेबीताई हसल्या, पण समोरचीचा चेहरा पाहून हसू आवरलं. “एक सांगू का? राग नका मानू.”

“सांगा ना.”

“दिवाळीपर्यंत तुमची पोरगी आपलं नाव कसं खनखन सांगे. प्राची सागर डुकरे, अन् वरतून गावही सांगे, देऊळघाट. मंग संक्रातीच्या मांगंपुढं इथं आधार कार्डाचा कॅम्प लागला. तुम्ही तिले घेऊन आल्त्या. त्या मान्सानं तुमाले नाव विचारलं. तुम्ही म्हनलं, प्रतीक्षा सागर. त्यानं आडनाव विचारलं तं तुम्ही तोंडानं नाही बोलल्या, कागद पुढं सरकोला अन् त्यावर बोट ठेवलं. मी इथंच उभी होती. पोरगी तुमच्या ओढनीले धरून तुमच्या तोंडाकडं पाहे.” बेबीताईंनी फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. “दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव विचारलं तं तिनंही तसंच केलं. प्राची सागर, अन् कुलूप. मले वाटलं, तुम्हीच शिकोलं असन घरी.”

“मी नाही शिकवलं,” प्रतीक्षा म्हणाली.

“नसन शिकोलं,” बेबीताईंनी लगेच कबूल केलं आणि प्राचीचं दप्तर तिच्या हातात दिलं.

घरी येताना प्राचीचा हात तिच्या हातात होता आणि तो हात तिला एकाएकी जड वाटायला लागला. आधारचा कॅम्प तिला आठवतच नव्हता. मग आठवला. मग गॅस एजन्सी आठवली. तिथं तिनं “सागर यांचं कार्ड” असं म्हटलं होतं. कुरिअरवाला. औषधाचं दुकान. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या शाहजादीभाभींनी “आपका पूरा नाम क्या है” विचारलं तेव्हा “बस, प्रतीक्षाच म्हणा” म्हणाली होती. आणि प्रत्येक ठिकाणी हे पोर शेजारी उभं. चार दिवस ती ज्या चोराला जाळीतून शोधत होती, तो ओढणी घेऊन जाळीच्या अलीकडंच उभा होता. हे मनात आलं तसं तिनं झटकून टाकलं. मग पुन्हा आलं.

“मम्मी, तू माह्यावर रागावली?”

“नाही गं.”

“मंग इतक्या जोरानं काऊन चालून राह्यली?”

घरी रंगराव येऊन बसलेले. सासरे देऊळघाटहून सकाळीच निघाले होते, बुलढाण्याला गाडी बदलून बोथ्याच्या घाटातून उतरले होते, आणि आता पंख्याखाली सदऱ्याची बटणं सोडून पाणी पीत होते. प्राची “आबाजी” करत त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी सोबतच्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून तिसरी, आणि तिसरीतून एक पिवळा पडलेला कागद.

“घ्या सूनबाई. माह्या शाळेचा दाखला. त्रेसष्ट सालचा. सागर म्हने, पोरीच्या नावासाठी लागते.” मग म्हणाले, “तसं तो हेही म्हने का तुम्ही पाटील लिवनार हा.”

प्रतीक्षा कागद घेऊन उभी राहिली. निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं : रंगराव किसन डुकरे.

“तुम्हाला वाईट वाटलं का मामाजी?”

“वाईट कायचं? लिवा ना. गावात मले समदे पाटीलच म्हनतात.” त्यांनी मिश्या पुसल्या. “तोंडावर पाटील, मांगून डुकऱ्या.”

“मग तुम्हाला राग नाही यायचा?”

“यायचा ना. तुह्यासारखंच मलेही वाटे. एक डाव बापाले विचारलं, बाबा, आपल्याले डुकरे काऊन म्हनतात? बाबानं एक थापड देली. म्हने, औत धर. मंग नाही विचारलं.” ते खळखळून हसले. “आता कोनी म्हनते आपल्या पूर्वजानं रानडुक्कर मारलं. कोनी म्हनते वावराची राखन करत. मले इचारशीन तं पाळत असतीन. पाळू नाही तं काय करू, गरीब मानूस.”

प्रतीक्षा हसली नाही. जेवायला वाढताना तिचं लक्ष दोनदा दाखल्याकडे गेलं. जेवण झाल्यावर रंगराव टेबलाशी आले, वही उघडून पाहिली. त्यांना बारीक अक्षर लागत नव्हतं, म्हणून विचारलं, “हे काय लिवत राहते तू दिवसभर?”

सांगावं की नाही, असा क्षणभर विचार करून तिनं सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमला एक घराणं होतं. त्यांचं नाव डुकरावरून. तिकडं शेंगेवरून नाव पडलेलं घराणं होतं, गाढवावरून होतं, वासरावरून होतं. तिथले जुने जाणते म्हणत, आपण सगळे मूळचे गुराखी, नावं दुसरी कुठून येणार? या डुकरांच्या घरातले लोक पुढं मोठे अधिकारी झाले, सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यसभेत बसले.

“मंग मोठे झाल्यावर त्याईनं नाव बदललं असन.”

“नाही बदललं. उलट त्यांनी कायदे केले, तर त्या कायद्यांनाही तेच नाव. तिकडं कायदा करणाऱ्याच्या कुळाचं नाव कायद्याला लागायचं.”

“डुकरे कायदा?” रंगराव खुर्चीत सावरून बसले. “कायचा कायदा होता?”

“रोमच्या नागरिकाला फटके मारायचे नाहीत, असा.”

रंगरावांनी मान हलवली. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “डुकऱ्यानंच मार खाल्ला असन पहिले. नाही तं कोनाले सुचते.”

या वेळी प्रतीक्षाला हसू आलं. ते ओसरायच्या आत तिनं पुढचं सांगून टाकलं, बहुधा स्वतःलाच. रोममध्ये पोरांना स्वतःचं नाव आणि पुढं घराण्याचं, पण पोरींना घराण्याचं तेवढंच. मुलगी झाली की पोर्किया. दुसरी झाली तरी पोर्किया. मग एकीला थोरली म्हणायचं, एकीला धाकटी. ठेवायला वेगळं नावच नाही. आणि लग्न झालं तरी ते नाव सुटत नसे. नवऱ्याचं घराणं कुठलंही असो, ती मरेपर्यंत पोर्किया.

“म्हंजे आपल्या उलटं,” रंगराव म्हणाले. “माही बहीण सरस्वती. चौथीत शाळा सोडली तिनं. पोरी हसत म्हून. माय म्हने, लगन झालं का नाव जाईन, काय घेऊन बसली. लगन झालं, नाव गेलं. शाळा काई वापस नाही आली.”

बोलता बोलता ते प्राचीच्या केसांतून हात फिरवत होते. प्राची डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. प्रतीक्षाला तिच्या पापण्या हलताना दिसल्या.

“मामाजी, उद्या काय लिहू?”

“मले काय इचारतं माय. मी त्या नावात सत्तर वर्स राह्यलो, तू आठ. तुले चावते का ते?”

“चावतं,” ती म्हणाली. पहिल्यांदाच कुणापाशी म्हणाली.

“मंग पाटील लिव,” रंगराव म्हणाले, आणि खरंच काही मनात न ठेवता पंख्याखाली जाऊन आडवे झाले.

लेख त्या दुपारीही पुढं सरकला नाही. शेखर सरांचा फोन आला. “वाघ मॅडम, आमचं चित्रांचं पान अडलंय हो.” ती “उद्या, सर, नक्की” म्हणाली. फोन ठेवून वळली तर प्राची उठून बसलेली.

“तू वाघ हाय?”

“ते माहेरचं नाव आहे बेटा.”

“आबाजी डुकरे, अन् तू वाघ, अन् मी पाटील,” प्राचीनं बोटांवर मोजत हिशेब केला. “मंग बाबा कोन?”

प्रतीक्षानं वही मिटली. तिनं उठून भांडी घासायला घेतली.

गुरुवारी शाळेच्या ऑफिसात व्हरांड्यापर्यंत रांग होती. सागर पाळीवर गेला होता. प्रतीक्षा, प्राची आणि दाखल्याची पिशवी छातीशी धरलेले रंगराव. रात्रीतून तिनं काही ठरवलं असं नव्हतं. रांगेत तीनदा तिनं फॉर्म उघडून पाहिला. आडनावाचा रकाना कोराच होता. समोरच्या बाईचं काम संपावं असंही वाटत होतं आणि संपू नये असंही.

टेबलामागं राजकुमार नावाचा तरुण लिपिक होता. त्यानं कागद उलटेपालटे केले.

“आजोबाचा दाखला डुकरे. जन्माचा दाखला डुकरे. फॉर्मवर आडनाव नाही. काय लिहायचं मॅडम?”

“दुसरं लिहिता येतं का?”

“येतं ना, प्रतिज्ञापत्र द्या. पण पुढं जातपडताळणीला आजोबाचा कागद एक अन् नातीचा एक म्हणून चकरा मारत बसाल. मी सांगायचं काम केलं. बरेच जण बदलतात.” मग तो टेबलावर वाकून प्राचीशी बोलला. “नाव काय गं तुझं?”

“प्राची सागर,” प्राची म्हणाली.

आणि वर बघितलं. लिपिकाकडे नाही, आबाजींकडे नाही. आईच्या तोंडाकडे.

प्रतीक्षाला ती नजर आता ओळखू आली. तीन दिवस सागर तिला ‘पाटील’ घोकवत होता. पोरीला ते पाठ होतं. पण ती म्हणत नव्हती. ती थांबली होती, आई काय करते ते बघायला.

“थांबा,” प्रतीक्षा राजकुमारला म्हणाली. “आईचं नाव आधी घ्या.”

“आईचं नंतर येतं रकान्यात.”

“तरी घ्या.” तिचा आवाज चिरकला. तिनं खाकरून घसा साफ केला. “प्रतीक्षा सागर डुकरे.”

म्हटलं तेव्हा ते फार मोठ्यानं म्हटलं गेलं. ऑफिसातली दोन डोकी वर झाली. मागच्या एका बाईनं ओढणी तोंडावर धरली. ती हसली की तिला ठसका लागला, सांगता येईना. तिच्या पलीकडची म्हातारी मात्र पुढं सरकली.

“डुकरे कुठले?”

“देऊळघाटचे,” रंगराव म्हणाले.

“किसनरावाचे का? माही नणंद त्याईच्याच भावकीत देलेली.” म्हातारी आता रांग सोडून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कोण कुणाचं हे सांगायला लागली. तिला नावात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. तिला फक्त पत्ता हवा होता.

प्रतीक्षाचं तिकडं अर्धंच लक्ष. तिचे कान तापले होते आणि ओढणीवाल्या बाईकडे वळून बघायची अनावर इच्छा होत होती. राजकुमारनं फॉर्म तिच्यापुढं केला. “तुम्हीच लिहा मॅडम. अक्षर नीट काढा, मी तेच उतरवणार.”

तिनं लिहिलं. प्राची टाचा उंचावून टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून एकेक अक्षर लावत होती, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं. “प्रा. ची. सा. ग. र.”

तिथं ती थांबली. मागून पुन्हा काहीतरी खुसफुसलं. प्राचीनं त्या बाजूला मान वळवली, मग लगेच आईकडे पाहिलं.

प्रतीक्षानं तोंडावर काही उमटणार नाही याची काळजी घेतली. सोपं नव्हतं ते. कपाळावरचा घाम पुसावासा वाटत होता, तोही तिनं पुसला नाही.

“पुढं वाच,” ती म्हणाली.

“ड ला उकार डु,” प्राचीनं सुरुवात केली. “क…”